टचस्क्रीनचा जीपीएस

माझा हा बटनांचा जीपीएस बघून हसू नका, आधी ऐका. पहिल्यांदा मी टचस्क्रीनचाच घेतला होता. दुकानदार सांगत होता, "साहेब, मासेमारीत हात ओले राहणार, बटनांचा घ्या." पण माझा मेव्हणा दिलीप म्हणाला, "दाजी, पडदा बघा की केवढा मोठा!"

पावसाळा संपता संपता आम्ही दोघं नाथसागरात गळ टाकायला गेलो. धरणाचे दरवाजे उघडे होते. चुकूनही तिकडं जायचं नाही म्हणून मी नकाशावर तिथं खूण केली. दुसरी खूण किनाऱ्याची. मग एकदम सर आली आणि किनाराच दिसेना. मी किनाऱ्याची खूण दाबली आणि बाण दाखवेल तिकडं दिलीप वल्हवत राहिला.

"दाजी, हा आवाज कसला?"

"पावसाचा. बाण सरळ आहे, चल."

तेवढ्यात एक म्हातारा कोळी त्याच्या होडीतून ओरडला, "अय, मरायला निघालात का? म्होरं दरवाजे हायेत!"

मी जीपीएस पुसून बघितला. पडद्यावर थेंब पडून भलतीच खूण दाबली गेली होती, दरवाजांची! वल्हं थांबवलं तरी होडी पुढंच ओढली जात होती. म्हाताऱ्यानं दोर फेकला आणि त्याच्या इंजिनानं आम्हाला मागं खेचलं.

किनाऱ्याला लागलो. मी जीपीएस दाखवत सगळं सांगायला लागलो. म्हाताऱ्यानं तिकडं बघितलंसुद्धा नाही.

"डोळे त्या डबीला दिले होते, व्हय. पर कान कुठं ठिवले होते?"