पाच काहून

भिकाबाई : सरक जरा तिकडं, मावशी. सतरंजीवर बसून बसून बूड पार बधिर झालं. कारखाना हळदीचा, अन् आमी मांडी घालून ध्यान करून राहिलो.

पार्वतीबाई : हळू बोल गं. सर ऐकतील.

भिकाबाई : ऐकू दे. चहा आला बघ. हात दे इकडं. तो न्हाई, उजवा. धरला का? गरम हाय.

पार्वतीबाई : धरला. भिके, मी आज गुमान घरी जाऊ का? पोट दुखतं म्हणून सांग.

भिकाबाई : आज गेलीस तर त्यांना आयतंच सापडलं. बस मला खेटून. अन् नांदेडच्या डागदरानं सांगितलं ते पोटात ठेव. इथं कोणाच्या कानाला लागू द्यायचं न्हाई.

पार्वतीबाई : सुनेलाबी न्हाई सांगितलं मी. कळलं तर उद्याच कोपऱ्यात घोंगडं टाकून देईल, 'बसा आत्याबाई' म्हणून. चांगल्या मनानंच म्हणंल लेकरू. पण एकदा बसलं की बसलंच की.

(कुरुंद्याजवळच्या हळद कारखान्याचं गोदाम. भिंतीला टेकून व्यापाऱ्याकडून वापस आलेली पोती. निवडणीच्या बाया टोप्या घालून सतरंजीवर. शहरातून चार दिवस क्वालिटी शिकवायला आलेले रणजीत सर शिट्टी फुंकतात.)

रणजीत सर : चला चला, टीम हळद! शेवटचा दिवस! क्वालिटी कुणाची?

भिकाबाई : मालकाची!

रणजीत सर : आपली! 'आपली' म्हणायचं, भिकाबाई. रोज सांगतोय मी.

भिकाबाई : सवय न्हाई सर. इथली एकबी वस्तू आजवर कोणी आपली म्हणू दिली न्हाई.

रणजीत सर : बरं. आधी उजळणी. जमिनीवर आपण पट्ट्या कशासाठी मारल्या?

भिकाबाई : कुठल्या पट्ट्या?

रणजीत सर : पिवळ्या! चालायच्या वाटेच्या!

भिकाबाई : सर, हळदीच्या कारखान्यात तुमी पिवळ्या पट्ट्या मारल्या. रात्रीतून गेल्या की त्या. आता आमी जिथं आठवतं तिथून चालून राहिलो.

रणजीत सर : नियमात पिवळाच रंग आहे, बाई.

भिकाबाई : मग हळदीचा बदला.

रणजीत सर : हसू नका. शांत! आता सगळ्यांनी फळ्याकडे बघा. ही आपली समस्या आणि ही तिची कारणं.

भिकाबाई : मावशी, सरांनी मासा काढला. नुसत्या काट्यांचा.

रणजीत सर : त्यांना दिसतंय की. तुम्ही कशाला सांगता?

भिकाबाई : पुढचीची टोपी मधी येती, सर. अन् मावशी माळकरी हाय. आधी सांगितलेलं बरं.

पार्वतीबाई : राहू दे गं. काढू दे त्यांना काय काढायचं ते. विठ्ठल विठ्ठल.

रणजीत सर : तर, हे माशाचं डोकं म्हणजे समस्या : पोत्यात खडे सापडले. काटे म्हणजे कारणं. माणूस, मशीन, माल, पद्धत.

भिकाबाई : मुंडकं हाय, काटे हायेत. मधलं मास कुठं गेलं?

रणजीत सर : मास नसतं यात.

भिकाबाई : आमच्या वाट्याला नसतंच, सर. खाणारा आधीच खाऊन गेला असंल.

रणजीत सर : भिकाबाई, हा मस्करीचा विषय नाही. कारखान्याच्या साहेबांनी मला साफ सांगितलंय, चार वाजेपर्यंत कारण पाहिजे आणि कारणासमोर नाव पाहिजे. नाव नाही मिळालं तर निवडणीच्या सगळ्याच बायका बदलणार ते. म्हणून आज मी तुम्हाला एक जपानी पद्धत शिकवतो. पाच वेळा 'का' विचारायचं. पाचव्या 'का'ला खरं कारण सापडतं.

भिकाबाई : आमच्या तांड्यावर लेकरं रोज विचारतात, 'काहून? काहून?' पाचव्याला धपाटा बसतो.

रणजीत सर : करून बघू. पोत्यात खडे का आले?

भिकाबाई : निवडताना ऱ्हायले म्हणून.

रणजीत सर : शाब्बास! का राहिले?

भिकाबाई : खडे हळकुंडासारखेच पिवळे झालते म्हणून.

रणजीत सर : का पिवळे झाले?

भिकाबाई : त्यांना हळद लागली.

रणजीत सर : का लागली?

भिकाबाई : लगीन असंल.

रणजीत सर : टाळ्या नकोत! टाळ्या मी सांगेन तेव्हाच वाजवायच्या! पुन्हा पहिल्यापासून. सोमवारी भरलेल्या या मालात खडे का आले? सोमवारी निवडणीवर कोण होतं?

भिकाबाई : आमी समद्या तुमच्यापुढं होतो, सर. पहिला दिवस तुमचा. तुमीच न्हाई का आमाला फुगा फुगवायला लावला, टीम बनवायला?

रणजीत सर : म्हणजे काम बंद होतं?

भिकाबाई : बंद कसं ऱ्हाईल? साहेब म्हणले, क्वालिटी शिका, पण ढीग तुंबला न्हाई पायजे.

रणजीत सर : मग ढीग निवडला कुणी? गेल्या सोमवारपर्यंत एक पोतं वापस आलं नव्हतं तुमचं. त्याच दिवशी असं का झालं?

भिकाबाई : लिवून टाका ना, सर. 'ट्रेनिंग झाली.'

रणजीत सर : असं कसं लिहू मी?

भिकाबाई : काहून?

रणजीत सर : बाई, मला उद्या डोंगरकड्याच्या कारखान्यात हेच शिकवायचंय. साहेबांनी तिकडं फोन केला तर माझं काय राहील?

भिकाबाई : काहून ऱ्हाणार न्हाई? क्वालिटी आपली ना?

रणजीत सर : पुरे! मी सुपरवायझरना विचारलंय. सोमवारी एकच बाई इथं बसली नव्हती. पार्वतीबाई, तुम्ही होता ना टेबलावर?

पार्वतीबाई : व्हय सर. मीच व्हते. सुपरवायझरनंच मला सांगितलं, तुला लिहिता-वाचता येत न्हाई, तू ढीग सांभाळ.

रणजीत सर : घाबरू नका. मी फक्त विचारतोय. तुम्ही इथं सगळ्यात जुन्या. हातही चांगला चालतो म्हणतात. रोज तुमच्या ढिगात खडा नसतो, आणि एकट्या बसलात की राहतो. असं का?

भिकाबाई : झाले सर.

रणजीत सर : काय झाले?

भिकाबाई : पाच काहून झाले. मी मोजून राहिले. तुमीच म्हणले पाच.

रणजीत सर : मधले तुम्ही विचारलेले आहेत!

भिकाबाई : मग काय झालं? टीम हाय ना? थकल्या असतील मावशी त्या दिवशी. उकाडा केवढा व्हता. एवढ्या मोठ्या ढिगाला एक बाई, कोणाचंबी ऱ्हाईल. चहाच्या सुट्टीत आमी न्हाई का रोज एकमेकीच्या ढिगातले...

रणजीत सर : ढिगातले काय?

भिकाबाई : काही न्हाई. एकमेकीच्या उरावर बसतो.

रणजीत सर : ऐका दोघी. मला कुणाच्या पोटावर पाय द्यायचा नाही. पावणेचार झालेत. मी असं लिहितो : 'सोमवारी कामगाराचं कामाकडे लक्ष नव्हतं.' कंसात पार्वतीबाई. एवढंच. पहिली चूक आहे, साहेब ओरडतील आणि सोडून देतील. कुणाचं काम जाणार नाही.

भिकाबाई : नक्की जाणार न्हाई?

रणजीत सर : हे मी तुम्हाला लिहून देतो पाहिजे तर. लक्ष नसणं सुधारता येतं. त्याचं ट्रेनिंग आहे माझ्याकडे, अर्ध्या दिवसाचं.

भिकाबाई : मग लिवा. लवकर लिवा. मावशी, फक्त व्हय म्हण. दोन शिव्या पडतील साहेबाच्या, त्या आमी वाटून घेऊ. सोमवारपासून तुझं टेबल तुलाच. माझ्या शेजारी.

रणजीत सर : म्हणा, मावशी. लक्ष नव्हतं ना तुमचं?

भिकाबाई : म्हण ना गं. समद्या तुझ्याकडंच बघून राहिल्या.

पार्वतीबाई : बघू दे. सर, तुमी आमच्यासाठी वाट काढली, देव तुमचं भलं करो. पण ते लिवू नका.

भिकाबाई : मावशी, तुझ्या पाया पडते. बस खाली.

पार्वतीबाई : सोड हात. सर, केस पांढरे झाले माझे ह्या टेबलावर. त्या दिवशी एक एक हळकुंड मी बोटानं चाचपून टाकलं. ढीग सरेस्तोवर पाणी प्याले न्हाई. लक्ष न्हवतं असं लिवू नका.

रणजीत सर : मग काय लिहू, मावशी?

पार्वतीबाई : मला दिसत न्हाई.