कपाटामागची धूळ

ऑस्ट्रेलियातल्या वॉलगेट गावच्या दवाखान्यात डल्सी आजी आणि तिची नात किराली माझ्या शेजारीच बसल्या होत्या. किरालीच्या मांडीवर तिची वर्षाची मुलगी होती.

"आजी, पाठ कशानं धरली ते डॉक्टरला खरं सांग हं."

"कपाट सरकवलं."

"कशाला?"

"उद्या नर्स घरी येणार ना! मागची धूळ काढली."

"ती तुझं ब्लडप्रेशर बघायला येतेय, कपाटामागं डोकवायला नाही!"

"माझ्या लहानपणी ती गोरी सरकारी बाई यायची, ती डोकवायची. फक्त आपल्या काळ्यांच्याच घरात. चादरी उचलायची, पिठाचा डबा उघडायची. डबा रिकामा दिसला की पोरं गाडीत घालून कायमची न्यायची. माझ्या दोघी बहिणी तशाच गेल्या."

"साठ वर्षं झाली गं त्याला."

"हो ना. कपाटसुद्धा जड झालंय."

"आता कोणी नेत नाही पोरं. उगीच घाबरतेस."

"बरं बाई, मी घाबरट. आल्यापासून पोरीचं नाक किती वेळा पुसलंस?"

"शेंबूड होता."

"टिपूस नाही. चार वेळा पुसलंस. काउंटरवरच्या बाईनं मान वर केली की पुसतेस."

"हळू बोल ना, आजी! बघतेय ती."

"बघतेय? आण तो रुमाल इकडे. कानामागं राहिलंय."