सरपंच हटवायचं भाषण

सरपंचाला मुदतीआधी घरी बसवायची संधी गावाला मिळते. आमच्या गावाने ती कशी घालवली, ते ऐका.

चाकणच्या कंपन्यांनी वेढलेलं आमचं गाव, पण स्मशानाला छप्पर नाही. माझी बायको गेली तेव्हा पावसात चितेवर ताडपत्री धरावी लागली. तिच्या दहाव्याला सरपंचांनी माईकवरून छपराचा शब्द दिला. असे शब्द त्यांनी बऱ्याच दहाव्यांना दिले होते.

शेवटी सदस्यांनी अविश्वास ठराव केला. आता ग्रामसभेत गावाने मतदान करून तो मंजूर करायचा होता. सरपंचांविरुद्ध बोलायला दत्तूभाऊ उभे राहिले. सरपंच सोडले तर न घाबरता माईक धरणारे गावात तेच, पण आयुष्यभर बोलले फक्त दहाव्याला, श्रद्धांजलीचं.

"स्मशानाला छप्पर न्हाई!" सुरुवात झकास झाली. मग समोर एवढी माणसं गप्प बसलेली पाहून त्यांचा आवाज आपोआप जड झाला. "पन मानूस दिलदार होता. कुनाच्याबी मदतीला धावायचा. त्यांच्या जान्यानं गावात पोकळी..."

मी त्यांचा शर्ट ओढला. "भाऊ, हटवायचंय त्यांना!"

"व्हय, तेच सांगतोय की!"

बायकांनी डोळ्यांना पदर लावले. मतदान झालं आणि ठराव पडला.

सरपंचांनी गहिवरून दत्तूभाऊंना मिठी मारली. "एवढं चांगलं बोललात राव! आता माझ्या दहाव्याला काय बोलाल?"

"त्याची काळजी नको," दत्तूभाऊ म्हणाले. "छप्पर तेवढं आधी टाका. तुमालाबी तिथंच यायचंय."