देवीचा कौल आणि गुळाचा खडा

तळेगावच्या एका दवाखान्यात साखर तपासायच्या रांगेत माझ्यापुढे दोन म्हातारे उभे होते, इंदुरीचे रखमाजी आणि परंदवडीचे रतनभाऊ.

“रखमाजी, तुझ्या सारिकाचं काय ठरलं? जातीय का जर्मनीला?”

“भाऊ, मला धाडायची न्हवती. नर्स झालीया, तर आधी बापाला नको बघाया? म्हणलं, देवीला कौल लावू.”

“मग काय म्हणली देवी?”

“उजवं फूल पडलं तर जायाचं, डावं पडलं तर ऱ्हायाचं. मूर्तीवर दोनी फुलं चिकटवून सकाळधरनं बसलो. दुपार झाली तरी एकबी पडंना.”

“आसं कसं?”

“मग दोनी फुलांना मुंग्या लागल्या. उजवं पडू नये म्हणून मी गूळ लावला व्हता. डावं पडू नये म्हणून पोरीनं.”

“अरारा! देवीला फसवता व्हय? तिला समदं आदीच ठाऊक आसतंय.”

“तेच म्हणतो मी. आमी दोगं गूळ लावणार हे ठाऊक व्हतं, तर तिनं आडवलं का न्हाई?”

“आडवलं आसतं तर तू ऐकलं आसतंस?”

“आता तेबी तिलाच ठाऊक.”

“मंग पुढं?”

“पुढं काय! देवी गप बसली, म्हणून आमीच बोलाया लागलो. सोमवारी जातीय पोरगी.”

“दिवस चांगला हाय का, इचारलंस?”

“म्हणलं, तेवडं तरी देवीला इचारू. तर पोरगी म्हणती, आबा, घरातला गूळ संपलाय.”