गेटवरचा लाल दिवा

तुम्ही हसाल, पण लाल दिव्याची मला अजून धास्ती वाटते. रोह्याला एका कंपनीत मी कंत्राटावर होतो. शिफ्ट सुटली की गेटवर प्रत्येकानं बटण दाबायचं. हिरवा दिवा लागला तर सरळ घरी, लाल लागला तर पिशवीची झडती. एका आठवड्यात मला सारखा लालच लागत गेला. पिशवीत निघायचं काय, तर बिरड्याचा रिकामा डबा! तरी आमच्या वरसे गावाला जाणाऱ्या रिक्षात माझ्या शेजारी बसणारे गप्प झाले. बायकोच्या कानावरपण गेलं.

"अवो, कायतरी करा. कंत्राट जाईल!"

शेवटी धीर करून मी गेटवरच्या मोरेकाकांना विचारलं, "काका, माझ्यावर संशय हाय काय?"

काका हसले. "अरे, मशीन कोणालापण पकडतं. काल कोणाला लाल लागला, ते त्याला आठवतसुद्धा नाय. जा, निवांत झोप."

खरंच झोपलो. दुसऱ्या दिवशी बटण दाबलं, तर हिरवा! देवाचं नाव घेऊन पाऊल उचललं, तोच काकांनी काठी आडवी घातली.

"थांब. तुला तर रोज लाल लागतो. आज हिरवा कसा लागला? उघड पिशवी!"