वाळूवरून मारलेली हाक

सन्माननीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरचे पाहुणे, आज ज्यांच्या निरोपासाठी जमलो त्या आमच्या डॉक्टरबाई, त्यांचे चिरंजीव, आणि मागं दाराशी उभ्या माझ्या धुलाईखान्यातल्या बायांनो,

मला आटोपतं घ्या म्हणून सांगितलंय. पाल्हाळ मला जमत नाहीच. आधीच्या वक्त्यांनी बाईंना इतकं उंच नेऊन बसवलं की त्यांची मान अवघडली असेल. मी जरा खाली उतरवते.

बाई जनावरांच्या डॉक्टर. त्यांच्या दवाखान्यासमोर मी हॉटेलांच्या चादरी धुते. एका सकाळी बाई धापा टाकत आल्या, म्हणाल्या, असतील तेवढ्या चादरी दे. मी विचारलं, "कोण गेलं?"

"अजून कुणी नाही. म्हणून तर घाई आहे."

किनाऱ्यावर देवमाशांचा कळपच वाळूत रुतलेला. आम्ही ओल्या चादरी त्यांच्या पाठीवर टाकल्या, डोक्यावरचं श्वासाचं भोक तेवढं उघडं ठेवलं. भरती चढली तशी पाण्याजवळच्या एकीला ढकललं. ती गेली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. आणि ती वळली, सरळ परत वाळूत. माझं डोकं फिरलं. म्हटलं, हिला जीव नकोसा झालाय का?

बाई म्हणाल्या, "तिला हाका ऐकू येतायत गं. मागं राहिलेल्यांच्या."

मग त्यांनी समजावलं. हे मासे कानानं वाट शोधतात. उतरत्या मऊ वाळूवरून आवाज नीट परत येत नाही, पुढं खोल पाणीच आहे असं वाटतं. कधी एखादा आजारी किनाऱ्याला लागतो, बाकीचे त्याला सोडत नाहीत, आणि ओहोटी सगळ्यांना गाठते. सगळी कारणं अजून कुणालाच ठाऊक नाहीत, हेही म्हणाल्या. तेव्हापासून आम्ही एकट्याला सोडत नाही. पाण्यात धरून ठेवतो आणि सगळे तरंगले की एकदम सोडतो.

त्या दिवसापासून बाई रोज संध्याकाळी धुलाईखान्याच्या मागल्या दारी यायच्या. "आहेस का गं?" आता मी कुठं जाणार होते? पण ते विचारणारं दुसरं कोण होतं मला? मी हात पुसत बाहेर यायची, पायरीवर बसून आम्ही दोघी जगाला नावं ठेवायचो.

गेल्या वर्षीच चिरंजीव बाईंना कायमचं आपल्याकडं न्यायला आले होते. बॅग भरलेली. आम्ही सगळ्याजणी दारात उभ्या राहिलो, जाऊ नका म्हणालो. बाईंनी बॅग रिकामी केली. तिकडं नात चालायला लागली, बाईंनी ते फोनवर पाहिलं. त्या संध्याकाळी पायरीवर बसून मलाही ते पुन्हा पुन्हा दाखवत राहिल्या.

तिकडं समुद्र नाही म्हणे. नसू दे. त्यांचा कळप तिकडं आहे.

कार्यक्रम ठेवलात, मला बोलू दिलंत, उपकार झाले. मी तोंडाची फटकळ, कुणाला लागलं असेल तर इथंच सोडून जा. आणि बाई, उद्या तुमची गाडी धुलाईखान्यावरून जाईल. मी चादरी वाळत घालत असेन. ओल्या चादरीमागं माणसाचं तोंड दिसत नाही, ते बरं असतं. मी हाक मारणार नाही. गेल्या वर्षी मारली होती, तेवढी चूक मला माफ करा.