फक्त बाईंच्या हातावर

सन्माननीय अध्यक्षमहोदया, व्यासपीठावरचे पाहुणे, शाळेतल्या सगळ्या ताई, पालक मंडळी, आणि ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो त्या बाई, सर्वांना नमस्कार. माझी हयात नळ दुरुस्त करण्यात गेली. बोलणं थोडं गळकं असेल, सांभाळून घ्या.

माझी नात भिंगरी स्वमग्न आहे, हे तुम्ही जाणताच. पापणी लवायच्या आत पसार. शेजारी म्हणायचे, पोरीला धाक नाही. आम्ही हाका मारत मागे धावायचो आणि ती आणखी जोरात पळायची. बाईंनी काय केलं? एकदा हाकच मारली नाही. गुपचूप मागे चालत गेल्या. रस्त्यापलीकडच्या लाँड्रीत मशीनच्या काचेच्या दारामागे कपडे गरगर फिरतात ना, तिथे भिंगरी काचेला गाल टेकून शांत उभी. बाई मला म्हणाल्या, “आजोबा, ही पळून जात नाही. कुठेतरी पोचायला जाते.”

मग त्यांनी लाँड्रीचं चित्र काढून दिलं. जावंसं वाटलं की ते मोठ्या माणसाच्या हातावर ठेवायचं, मग त्याचा हात धरून जायचं. पळणं जवळजवळ थांबलं. माझी लेक कित्येक वर्षांनी बसून जेवली.

पण मंडळी, चित्र ती फक्त बाईंच्याच हातावर ठेवते. आईने हात पुढे केला, मी केला, नव्या ताईंनी केला. ती हात बाजूला सारते आणि बाईंना शोधते. परवा ती दुसऱ्या कुणाला चित्र देते का बघायला बाई मुद्दाम शेजारच्या खोलीत बसल्या. भिंगरीने चित्र टाकलं आणि थेट रस्त्यावर. गाडीवाल्याने वेळीच ब्रेक दाबला, म्हणून आज समारंभ होतोय.

बाई म्हणाल्या, “मी हे सगळ्यांच्या हातांनी शिकवायला हवं होतं.” अहो, एकट्या माणसाने काय काय करायचं? आणि त्यांच्या आईने अंथरूण धरलंय, त्यांना जायलाच हवं.

दोन शब्द आशेचे बोला, असं अध्यक्षमहोदयांनी सुचवलं होतं. कालपासून शोधतोय, सापडले नाहीत. आम्ही हात पुढे करत राहू. पण माझे गुडघे तिच्यामागे पळणारे नाहीत, आणि लेक दिवसभर कामावर.

बाई, तुमचे उपकार फिटायचे नाहीत. आयोजकांचे आभार. उणंअधिक बोललो असेन तर पोटात घाला. आणि हो, सभागृहाच्या दाराला कुलूप मीच लावायला सांगितलं. भिंगरी मागच्या रांगेत चित्र मुठीत धरून बसली आहे. कुणाला बाहेर जायचं असेल, तर किल्ली माझ्याकडे आहे.